मिलिट्रीवाले अप्पा : रोज दिवेलागणीला घरची गिनती घेणारा माणूस

औशाचा_पोरगा

परवा अप्पांचं वर्षश्राद्ध झालं. अप्पा म्हणजे माझे आजोबा, रिटायर्ड हवालदार, मराठा लाईट इन्फंट्री, पहिली बटालियन म्हणजे जंगी पलटन. औसा तालुक्यातलं आमचं गाव, तिथं त्यांना नावानं कुणी हाक मारत नव्हतं, मिलिट्रीवाले अप्पा एवढंच. कार्यक्रमाला आलेल्या एका पुढाऱ्यानं माईक हातात घेऊन "वीर जवान अमर रहे" सुरू केलं, तर माय (माझी आजी, घरात सगळेच तिला माय म्हणतात) मागून मोठ्यानं म्हणाली, "आरं बाबा, त्ये घरात गेलेत, बाजंवर, झोपंत. कशाला वरडायलास." मंडपात हशा. तेव्हाच ठरवलं की अप्पांवर लिहायचं तर असं लिहायचं की मायला वाचून दाखवलं तरी तिनं मधीच तोंड घालू नये. बघू जमतंय का.

तर गिनतीपासून सुरू करतो. फौजेत रोज संध्याकाळी गिनती होते, सगळे फॉलिन, किती हजर, किती रजेवर, किती दवाखान्यात. अप्पा १९८२ ला पेन्शनवर घरी आले पण गिनती काही सुटली नाही. दिवेलागणीला ओसरीवर बसायचे आणि घरातली माणसं मोजायचे. बोटानं नाही, नुसत्या नजरेनं, ओठ हलायचे तेवढेच. एखादं कमी भरलं की "बारकं कुठाय?" आणि बारकं सापडेपर्यंत जेवायला कुणी बसायचं नाही. आम्ही सुट्टीत गेलो की आमचीही भर पडायची, मग सकाळी कुणी एसटीनं निघालं की संध्याकाळी आकडा कमी. त्या दिवशी अप्पा जरा गप्प असायचे असं मला वाटायचं, पण ते एरवीही गप्पच असायचे त्यामुळं खात्रीनं सांगत नाही.

एकदा चुलत काकाच्या लग्नाला वऱ्हाड टेम्पोनं बार्शीकडं निघालं. अप्पांनी निघताना मोजलं ते त्रेचाळीस. मुरूडला चहाला थांबलो, परत चढल्यावर मोजलं तर चव्वेचाळीस. कमी भरलं तर लोक शोधतात, जास्त भरलं तर कोण शोधतंय? अप्पांनी शोधला. एक माणूस निघाला जो ना नवरीकडचा ना नवरदेवाकडचा, त्याला नुसतं बार्शीला फुकट जायचं होतं, गर्दीत घुसला होता. सगळे त्याला उतरवायला निघाले तर अप्पा म्हणाले, "राहू द्या, आता हिशोबात धरलाय." तो माणूस लग्नात जेवून गेला, आहेरात टोपी पण घेऊन गेला.

भरतीला गेले ते १९६४ ला. बासष्टच्या चीन लढाईनंतर फौज वाढवायलेत असं कानावर आलं होतं, आणि घरी पाच भाऊ, जमीन कोरडवाहू, त्यात पोटाला पुरत नव्हतं, एवढंच कारण. देशप्रेम वगैरे विचारलं की म्हणायचे, "ते नंतर आलं, पगारासंगं." लातूरहून बार्शी लाईटच्या बारक्या गाडीनं मिरज आणि तिथून बेळगाव. जन्मतारीख कुणालाच माहीत नव्हती, मास्तरनं शाळेत १ जून घातलेली तीच दाखल्यावर. साल १९४५. खरं वय त्याहून जास्त असणार कारण रझाकार गावात आले तेव्हा अप्पांना ज्वारीच्या कणगीत लपवलं होतं आणि ते त्यांना आठवत होतं, आतला वास सुद्धा. तीन वर्षांच्या लेकराला एवढं आठवतं का? पण सरकारी हिशोबानं गेले तेव्हा ऐंशीला साडेतीन महिने कमी होते. ऐंशी झाली की पेन्शन वाढते, तेवढ्यासाठी तरी थांबायचं होतं असं माय म्हणते, चिडून म्हणते.

पलटणीत बहुतेक पोरं सातारा, कोल्हापूर, सांगलीकडची. आमच्याकडचे हातावर मोजण्याइतके. त्यांना ती पोरं "मोगलाईतला" (म्हणजे निजामाच्या मुलखातला) म्हणून चिडवायची आणि पुढं नावच पडलं मोगल. मराठा पलटणीतला मोगल! अप्पांना त्याचं वाईट वाटत नव्हतं, उलट जुन्या सोबत्यांची पत्रं यायची त्यात "प्रिय मोगल" असंच असायचं.

एकाहत्तरच्या लढाईबद्दल ते जवळजवळ काही बोलले नाहीत. जमालपूरला, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, आत्ताच्या बांगलादेशात होते, एवढं आम्हाला माहीत. 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल' ही पदकं मिळाली, ती मायच्या कुंकवाच्या डब्यात असतात, फ्रेम करायला दिली नाहीत तिनं. लढाईची एकच गोष्ट सांगायचे आणि ती पण लढाई संपल्यावरची. शरण आलेल्या कैद्यांची मोजणी करायची ड्युटी लागली होती. शंभराचा गट, दहा दहाच्या रांगा. एका गटात दोन वेळा मोजलं तरी नव्याण्णव. अप्पा म्हणायचे, "दुश्मनाचं माणूस हाय, पळालं असंल तर पळू दे असं वाटायला पायजे का नाही? तर पोटात गोळा आला." तिसऱ्यांदा मोजताना दिसलं, एक पोरगं रांगेत उभ्या उभ्याच झोप लागून पुढच्याच्या पाठीवर टेकलं होतं, दोघं मिळून एकच दिसत होते. अप्पांनी त्याला आपल्या लातूरच्या हिंदीत हाक मारली, "ए बावा, जरा सरक के खडे रह." ते पोरगं कुठल्या कुठल्या मुलखातलं, पण हसलं म्हणे. शंभर भरले.

एवढंच. नव्वद हजारावर कैद्यांतले शंभर.

बाकी नंतर लिहितो, हात दुखायला. तुमच्याकडं असं कुणी असेल तर लिहा.

मांजराकाठ

भावपूर्ण श्रद्धांजली. टोपी घेऊन गेलेला माणूस 😄 आमच्या कारखान्याच्या गेटवर पण एक रिटायर्ड फौजी होते, ऊसाच्या बैलगाड्या मोजायचे. मुकादम दहा गाड्या कमी-जास्त लिहायचा तर यांची वेगळी वही. शेवटी मुकादमाची बदली झाली, यांची नाही.

मीटरगेज

रेल्वेचं वाचून राहवलं नाही. बार्शी लाईट म्हणजे अडीच फुटी नॅरोगेज, लातूर ते मिरज, मधे कुर्डुवाडी आणि पंढरपूर. मिरजेला उतरून पुढं बेळगावला मीटरगेज. म्हणजे तुमचे अप्पा एका खेळण्याएवढ्या गाडीतून उतरून जरा मोठ्या खेळण्यात बसले. स्पीड असा की चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडून परत चढायचे असं आमचे वडील सांगायचे, त्यातलं अर्धं खोटं धरा. आता तीच लाईन ब्रॉडगेज झाली. आणि त्याच लाईनीवरनं २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली, पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर. हे लिहिताना मला पण आत्ताच लक्षात आलं.

औशाचा_पोरगा

@मीटरगेज अहो अप्पांच्या तेव्हाच लक्षात आलं होतं! आम्ही तेव्हा लातूरला भाड्यानं राहायचो, नळाला महिना महिना पाणी नाही, अप्पा दवाखान्यासाठी आलेले. टीव्हीवर गाडी दाखवायलेत, हार घातलेलं इंजिन, पुढारी वगैरे. अप्पा म्हणाले, "ह्याच लायनीनं म्या भरतीला गेल्तो. जाताना फिरकीच्या तांब्यात घरचं पाणी घेऊन गेल्तो." मग बराच वेळ काही बोलले नाहीत आणि नंतर विचारलं, "किती डबे मोजले तू?" मी मोजलेच नव्हते.

गोदाकाठचा_वाचक

जमालपूर साधं प्रकरण नव्हतं, जरा लिहितो, माहीत असलेल्यांनी पुढं जावं.

ढाक्याला उत्तरेकडून जायचा रस्ता जमालपूरवरनं. तिथं पाकिस्तानची ३१ बलुच, चांगली खोदून बसलेली. आपली ९५ माउंटन ब्रिगेड, ब्रिगेडियर क्लेर. त्यांनी समोरच्या कर्नलला चिठ्ठी पाठवली की वेढला गेलायस, शरण ये. मुक्तीवाहिनीचा (बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांचा) एक माणूस ती चिठ्ठी घेऊन गेला. उत्तरात त्या कर्नलनं, सुलतान अहमद नाव त्याचं, कागदात गुंडाळून बंदुकीची गोळी पाठवली. अप्पांची १ मराठा (तेव्हाचे कमांडिंग ऑफिसर कर्नल ब्रार) ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या मागं दक्षिणेला जाऊन बसली होती, म्हणजे पळायचा रस्ताच अडवला. १० डिसेंबरच्या रात्री बलुच पलटण अंधारात त्याच रस्त्यानं फोडून निघायला गेली आणि मराठ्यांच्या मशीनगनीसमोर आली. सकाळी जे रस्त्यावर होतं ते मोजायचं काम पण कुणाला तरी करावंच लागलं असणार. तुमचे अप्पा शरण आलेल्यांची मोजणी सांगायचे आणि ही सांगत नव्हते, यात मला काही आश्चर्य वाटत नाही.

रेणापूर_फाटा

भारी लिहिलंय. छत्रीवाले सैनिक उतरले ते पण मराठाच ना?

गोदाकाठचा_वाचक

@रेणापूर_फाटा ११ डिसेंबरला संध्याकाळी टांगाइलजवळ उतरली ती २ पॅरा. पण तीच पूर्वीची मराठा लाईट इन्फंट्रीची तिसरी बटालियन, पुढं पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. पुंगली पुलापाशी तिची आणि उत्तरेकडनं जमालपूरहून आलेल्या १ मराठाची गाठ पडली. म्हणजे परक्या मुलखात पुलावर दोन्हीकडनं मराठीच शिव्या ऐकू आल्या असतील.

फौजीची_लेक

सगळे छान छान लिहायलेत म्हणून जरा वेगळं लिहिते, राग मानू नका.

माझे वडील पण फौजेत. परभणी जिल्हा. ते पण मोजायचे. पण आमच्या घरी मोजणी म्हणजे आम्ही तिघी बहिणी आणि आई ओळीत उभ्या. वर्षातनं दोन महिने रजेवर यायचे, तेवढे दोन महिने आम्ही श्वास धरून असायचो. चपला ओळीत, गोधडीची घडी कोपऱ्याला कोपरा. कॅन्टीनची रम संपली की मग वेगळंच. दहा महिने आई एकटी, शेत बघायची, सासू-सासरे बघायची, आणि ते आले की तिला काही येत नाही असं. पेन्शनवर आले तेव्हा मी चौदाची होते, मला ते पाहुणेच वाटायचे, कधी जातील असं वाटायचं. म्हातारपणी मऊ झाले, नातवंडांना खांद्यावर घ्यायचे. माझी मुलगी म्हणते आबा किती गोड. मी काही बोलत नाही.

नातवाला दिसलेले अप्पा आणि लेकीला दिसलेले अप्पा एकच असतात का? तुमच्या आत्याला विचारा एकदा.

मांजराकाठ

ताई, हात जोडतो.

रेणापूर_फाटा

श्रद्धांजलीच्या धाग्यावर हे कशाला पण

औशाचा_पोरगा

@रेणापूर_फाटा असू द्या दादा, मला आवडलं त्यांनी लिहिलं ते.

@फौजीची_लेक ताई, रात्री आत्याला फोन केला. ती उमरग्याला असते. आधी म्हणाली, "कशाला जुनं उकरायलास, माझं कुकर लावायचं राहिलंय." मग कुकर लावला आणि चाळीस मिनिटं बोलली.

आत्या सातवीला तालुक्यात पहिली आली होती. पुढच्या शाळेला रोज चार किलोमीटर पायी जायचं होतं. अप्पांनी कमांडिंग ऑफिसरला विचारून जादा रजा काढली, आले, शाळेपर्यंतचा रस्ता स्वतः चालून बघितला, मधे ओढा, पावसाळ्यात कंबरेएवढा. आणि नाही म्हणाले. "एवढं अंतर लेकरू माझ्या नजरंआड राहणार, मी तिकडं बॉर्डरवर, कोण मोजणार हिला?" आत्या म्हणाली, "त्येंला वाटलं मला संभाळलं. मला वाटलं मला कापलं." पंधराव्या वर्षी लग्न. पुढं तिच्या दोन्ही पोरी इंजिनिअर झाल्या तेव्हा अप्पा पेढे घेऊन उमरग्याला गेले होते आणि पेढे देताना म्हणाले, "त्या ओढ्यावर आता पूल झालाय." बस एवढंच. आत्या म्हणते ती माफीच होती, पण मी त्येंला पाणी सुद्धा विचारलं नाही त्या दिवशी, पोरीनं दिलं.

मला हे काहीच माहीत नव्हतं. तिसाव्या वर्षी कळालं.

आता माझ्याकडनं राहिलेलं लिहितो. बहात्तरचा दुष्काळ.

माझे वडील जन्मले जानेवारी ७२ ला. अप्पा तेव्हा तिकडंच, घरी पत्र यायचं त्याच्यावर पत्ता नाही, नुसतं "९९ एपीओ", म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. पोरगा झाल्याचं पत्र त्यांना पोचलं तेव्हा पोरगा पालथा पडायला लागला होता. नंतर पलटण हलली, रजा मिळाली ती ७३ च्या उन्हाळ्यात. गावात आले तर घराला कडी. माय दुष्काळी कामावर. तिकडं गेले तर माय खडी फोडायली आणि लेकरू लिंबाच्या झाडाला बांधलेल्या झोळीत. घरी मनिऑर्डर यायची पण ती सासऱ्याच्या हातात आणि खाणारी तोंडं चौदा, त्यात मिलो खायचा, ती लाल ज्वारी, लेकरांना सुकडी, विहिरी सगळ्या कोरड्या. अप्पांनी ट्रंक खाली ठेवली, मायच्या शेजारी बसले आणि हातोडा घेतला. युनिफॉर्मचे बूट काढले नाहीत, चिपा उडतात म्हणून. मुकादम आला, म्हणाला हवालदार (तेव्हा ते नाईक होते, पण गावात सगळे हवालदारच), तुमचं नाव मस्टरवर घेतो. अप्पा म्हणाले मला सरकार पगार देतंय, दोनदा कसा घेऊ, ढीग हिचा आहे. दोन महिन्याची रजा, रोज गेले. संध्याकाळी ढिगाचं माप व्हायचं, ब्रासवर पैसे. माय म्हणते त्या दोन महिन्यात कामावरच्या सगळ्या बायका तिच्यावर जळायच्या, एक तर ढीग मोठा म्हणून, आणि दुसरं म्हणजे नवरा दिवसभर शेजारी बसतो म्हणून. "लगीन झाल्यापसनं सगळ्यात लांब आम्ही तिथंच बसलाव, खडीवर," असं म्हणते आणि तोंडाला पदर लावते.

किल्लारी_शेजारचा

नमस्कार. गाव सांगितलं नाही तरी मी तुमच्या अप्पांना ओळखलं. ९३ च्या भूकंपावेळी मी बारा वर्षांचा.

३० सप्टेंबर, पहाटे चारला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक दमून झोपलेले, बरेच ठिकाणी पाहुणे मुक्कामाला. आमची घरं म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, दगड-मातीच्या दोन दोन हात रुंद भिंती, वर लाकडी सरे आणि त्यावर हातभर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गारेगार. त्या दिवशी तीच माती अंगावर आली. मी पडवीत झोपलो होतो म्हणून आहे.

उजाडताना तुमचे अप्पा सायकलवर आले, तुमच्या गावात पडझड कमी होती. आमच्याकडं तेव्हा कोण कुणाला हाका मारतंय, कोण नुसतंच बसलंय, काही कळत नव्हतं. त्यांनी पहिलं काय केलं असेल तर चावडीच्या पडलेल्या भिंतीवर उभं राहून प्रत्येक घरातल्या एकेका माणसाला बोलावलं आणि विचारायला सुरुवात केली. "घरात रात्री किती जण? पाहुणं कोण? कोण कुठं झोपलं होतं, चुलीकडं का दाराकडं?" कोळशानं दारावर लिहायचे. सात, तीन निघाले, चार आत. लोक शिव्या देत होते त्यांना, मेलेल्यांची काय मोजणी करतोस म्हणून. पण दुसऱ्या दिवशी मिलिट्री आली तेव्हा जवानांनी कुठं खणायचं ते त्या कोळशाच्या आकड्यावर ठरवलं. माझी धाकटी बहीण चुलीकडं झोपली होती असं मीच सांगितलं होतं. तिथंच सापडली. जिवंत नव्हती, पण सापडली. आमच्या शेजारच्या घरातली म्हातारी जिवंत निघाली, कणगीच्या आडोशाला.

पुढं पत्र्याच्या शेडमध्ये दोन-तीन वर्षं काढली. मग नवं गाव झालं. बावन्न गावं अशी उठून दुसरीकडं गेली. सगळे नव्या गावाला नावं ठेवायचे की घरं लांब लांब, रस्ते सरळ, शेजारणीला हाक मारली तर ऐकू जात नाही. तुमचे अप्पा एकदा आले होते, सगळं फिरून बघितलं आणि एकदम खुश. "ही तर छावणीच झाली की, लायनी लायनीत. मोजायला सोपं." आमचे वडील त्या दिवशी वर्षानंतर हसले होते.

कोळशाचं दार आम्ही बरेच दिवस ठेवलं होतं. नंतर वाळवी लागली.

औशाचा_पोरगा

दादा, काय लिहू. अप्पांनी हे कधी एका शब्दानं सांगितलं नाही. तुमचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा.

पुण्यातला_नांदेडकर

ऑफिसात बसून वाचलं आणि कॅबमध्ये पण वाचतोय. कुणी तरी गावात त्यांचा पुतळा किंवा कमान करा.

औशाचा_पोरगा

कमानीचं नाव काढू नका! त्यावरनं बाबा आणि काका आठ महिने बोलत नाहीयेत. काकाला कमान पाहिजे "वीर योद्धा" लिहून, बाबा म्हणतात त्या पैशात शाळेच्या ओढ्याला कठडा करा. सध्या कमान पण नाही, कठडा पण नाही.

त्यापेक्षा एक कामाचं विचारतो. मायची फॅमिली पेन्शन अडकली होती. पलटणीच्या बाबूनं १९७० साली लग्नाची नोंद करताना मायचं माहेरचं नाव लिहिलं, आधार आणि बँकेत सासरचं. एका ऑफिसात गेलो, तिथला माणूस वर न बघता म्हणाला, "ही बाई कोण आहे याचा पुरावा काय?" माय शेजारीच उभी. ती म्हणाली, "पुरावा वर गेला." अशा केस कुणी निस्तरल्यात का?

निवृत्त_नायब

जय हिंद. २६ वर्षे सर्विस, महार रेजिमेंट. ही तक्रार आमच्या पिढीत घरोघरी आहे, घाबरू नका.

नोटरीकडं प्रतिज्ञापत्र करा की दोन्ही नावाची बाई एकच. सोबत लग्नाचा दाखला, नसेल तर ग्रामपंचायतीचा, आणि डिस्चार्ज बुक, पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) झेरॉक्स. हे घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, परस्पर बँकेत भांडत बसू नका. ते रेकॉर्ड ऑफिसला लिहितील, तुमचं बेळगाव. तिथून पार्ट टू ऑर्डर (सर्विस रेकॉर्डमधल्या बदलाचा आदेश) निघाली की नाव दुरुस्त, मग स्पर्शवर (फौजेच्या पेन्शनच्या सरकारी वेबसाईटवर) बदल दिसेल. वेळ लागतो. प्रत्येक कागदाची पोच घ्या. मूळ डिस्चार्ज बुक कुणाच्या हातात देऊ नका, कुणाच्याही.

मावशींचं वय किती लावलंय? फॅमिली पेन्शनला सुद्धा ८० पूर्ण झाल्यावर २० टक्के जास्त, ८५ ला ३०, ९० ला ४०. त्यामुळं नाव दुरुस्त करताना जन्मतारीख पण बघून घ्या, नाहीतर नाव बरोबर आणि वय चूक असं होईल. आणि नोव्हेंबरचा हयातीचा दाखला चुकवू नका.

ता. क. आम्हाला पण पलटणीत मोगलाईतला म्हणायचे. बीड जिल्हा.

मांजराकाठ

मावशींची जन्मतारीख पण १ जूनच असणार 😄

औशाचा_पोरगा

@मांजराकाठ १ जानेवारी. आधारवाल्यानं घातली.

मीटरगेज

धागा वर काढतोय. पेन्शनचं काय झालं पुढं?

औशाचा_पोरगा

सॉरी, लिहायचं राहूनच गेलं. @निवृत्त_नायब काका, तुम्ही सांगितलं तसंच केलं, साडेपाच महिने लागले, झालं काम. सैनिक कल्याणमधल्या क्लार्कनं चांगली मदत केली, स्वतःहून दोनदा फोन केला. मागची थकबाकी पण आली. जमा झाल्याचा मेसेज मायला वाचून दाखवला तर म्हणाली, "पुन्हा मोज."

पण मधी एक घोळ झाला तो सांगतो. हयातीच्या दाखल्याला सेंटरवर गेलो, अंगठा लावायचा. लागेचना. दहाही बोटं लावून बघितली, रेघाच नाहीत, मशीन लाल. पोरगं म्हणालं आजी काय काम करत होता? माय म्हणाली खडी. मग त्यानं मोबाईलवर चेहऱ्याचं ॲप काढलं, त्यात गोलात तोंड आणायचं आणि डोळ्याची उघडझाप करायची, म्हणजे फोटो नाही जिवंत माणूस आहे हे त्याला कळतं. ते पोरगं सांगतंय, "आजी, डोळे मिचकवा." माय नुसती बघायली. परत म्हणालं, "मिचकवा की आजी, पटकन." माय माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "आरं, तुझ्या आज्ज्याला कधी डोळा मारला न्हाई म्या, ह्येला कशाला मारू?"

तिसऱ्यांदा मारला. हिरवं झालं.

धागा अजून तिला वाचून दाखवला नाही. आत्या दिवाळीला यायली, तेव्हा दोघींना एकदमच दाखवतो, मग ज्याला जिथं तोंड घालायचं तिथं घालू दे.